एक संगणक, दोन कळफलक: लॉकच्या कळा आणि त्यांचे दिवे

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांच्या कचेऱ्यांभोवती अर्जनवीसांची, झेरॉक्सवाल्यांची आणि सेवा केंद्रांची जी लहान लहान दुकाने वसली आहेत, त्यांतल्या अनेकांत एकच मांडणी दृष्टीस पडते: टेबलावर लॅपटॉप उघडलेला असतो, आणि त्याचा अंगचा कळफलक शाबूत असतानाही त्याच्या पुढ्यात यूएसबीच्या तारेने जोडलेला दुसरा, पूर्ण लांबीचा कळफलक ठेवलेला असतो. या मांडणीची कारणे रास्त आहेत. गट क्रमांक, आधारचे बारा अंक, मोबाइलचे दहा अंक आणि चलनाच्या रकमा दिवसभर भरणाऱ्या माणसाला आकड्यांच्या स्वतंत्र विभागावाचून गत्यंतर नसते, आणि लहान लॅपटॉपला तो विभाग नसतो; शिवाय सतत आघात सोसून कळा झिजल्या, तर लॅपटॉप खोलण्यापेक्षा बाहेरचा कळफलक बदलणे केव्हाही स्वस्त पडते. परंतु एका यंत्राला दोन कळफलक जोडले की एक प्रश्न आपोआप उपस्थित होतो, आणि तो वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. एका कळफलकावर कॅप्स लॉक, नम लॉक किंवा स्क्रोल लॉक दाबले, तर ते दुसऱ्यालाही लागू व्हावे काय? दिवा कोणत्या कळफलकावर लागावा? आणि दोन दिव्यांनी दोन परस्परविरुद्ध साक्षी दिल्या, तर खरी कोणाची मानावी?

कळफलकावरच्या इतर बहुतेक सर्व कळांचे कार्य दाबल्या क्षणी सुरू होते आणि बोट उचलले की संपते. लॉकच्या तीन कळा याला ठळक अपवाद आहेत. त्या दाबून सोडल्यानंतरही मागे एक स्थिती ठेवून जातात, आणि ती स्थिती पुढे दाबल्या जाणाऱ्या कळांचा अर्थ बदलते. स्थिती म्हटली की ती कोठे तरी नोंदलेली असली पाहिजे. ही नोंद कळेत असावी, कळफलकात असावी, संगणकाच्या स्मृतीत असावी, की समोर बसलेल्या व्यक्तीच्या खात्यावर असावी, या एका मुद्द्यावर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत निरनिराळ्या प्रणालींनी निरनिराळे निवाडे दिले, आणि आजचा बहुतेक सगळा घोटाळा त्या निवाड्यांच्या भिन्नतेतून उद्भवलेला आहे.

टंकयंत्राच्या काळी हा प्रश्नच नव्हता. रेमिंग्टन कंपनीच्या १८७८ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्राने शिफ्टची कळ रूढ केली, पुढे तिला अडकवून ठेवणारा खटका आला, आणि आपल्याकडे गोदरेजने १९५५ पासून बनवलेल्या यंत्रांतही तीच रचना राहिली. खटका बसला की कळ खाली राहत असे, ती डोळ्यांना दिसत असे आणि करंगळीला जाणवत असे. स्थिती लोखंडातच असल्यामुळे ती सांगायला दिव्याची गरज नव्हती. ॲपल कंपनीच्या जुन्या कळफलकांवरही कॅप्स लॉकची कळ अशीच खाली अडकून राहत असे. ही रचना प्रामाणिक होती, मात्र तिचा प्रामाणिकपणा एका कळफलकापुरताच टिकणारा होता. कारण बोटाने अडकवलेली कळ दुसऱ्या कळफलकाच्या सांगण्यावरून वर येऊ शकत नाही.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या त्र्याऐंशी कळांच्या कळफलकावर लॉकच्या कळा होत्या, पण दिवा एकही नव्हता. कळफलक ते संगणक ही वाहतूक एकतर्फी होती. कळफलकाने कोणती कळ दाबली व सोडली एवढी वर्दी द्यायची आणि लॉक चालू की बंद याचा हिशेब संगणकाने आपल्या स्मृतीतल्या एका बाइटात ठेवायचा, अशी कामाची वाटणी होती. ग्राहकाला आपली स्थिती कळेना, तेव्हा इतर उत्पादकांनी स्वतःचे दिवे असलेले कळफलक काढले. पण संगणकाकडून उलट निरोप येण्याची सोय नसल्यामुळे हे कळफलक दाबण्यांची आपापली मोजदाद ठेवून दिवा लावत. एखाद्या प्रोग्रामने स्मृतीतला तो बाइट परस्पर बदलला की मोजदाद चुके, आणि त्यानंतर दिवा लागलेला असता लहान अक्षरे व विझलेला असता मोठी अक्षरे असा उलटा कारभार सुरू होई. एकाच गोष्टीची दोन दप्तरे दोन जागी ठेवली, आणि त्यांचा मेळ घालणारा कोणी नसला, म्हणजे काय होते याचे हे पहिले उदाहरण होय.

आयबीएमच्याच १९८४ च्या एटी या प्रतिमानाने त्यावर उपाय केला, आणि तोच उपाय तत्त्वतः आजतागायत चालू आहे. वाहतूक दुतर्फा झाली. कळ दाबली की कळफलक केवळ वर्दी देतो. स्थिती बदलायची की नाही हे संगणक ठरवतो. आणि बदलली तर तो कळफलकाला एक आज्ञा व तिच्या पाठोपाठ एक बाइट पाठवतो, ज्यातले तीन बिट अनुक्रमे स्क्रोल, नम आणि कॅप्स या तीन दिव्यांचे असतात. म्हणजे कळ आणि तिच्या शेजारचा दिवा यांच्यामध्ये कळफलकाच्या आत कोणताही थेट संबंध उरला नाही. संगणक अडकून पडला असता नम लॉक दाबून दिवा बदलतो का हे दुरुस्ती करणारे कारागीर पाहतात, त्याचे मर्म हेच आहे: दिवा बदलला तर कळेची वर्दी प्रणालीपर्यंत पोहोचते आहे आणि तिचा हुकूम परत येतो आहे, एवढे सिद्ध होते.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र पहिल्यापासून राहिली. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जतसारख्या स्थानकातल्या सिग्नल केबिनची कल्पना करावी. वळणापलीकडचा सिग्नल केबिनीतून दिसत नसेल, तर खटका ओढला म्हणजे सिग्नल पडलाच असे रेल्वे गृहीत धरत नाही; सिग्नलाची प्रत्यक्ष स्थिती तारेने परत कळवणारा दर्शक केबिनीत बसवलेला असतो, आणि विश्वास त्या दर्शकावर ठेवायचा असतो. कळफलकाच्या दिव्याबाबत अशी उलटतपासणी नाही. आज्ञा मिळाल्याची पोच येते, पण दिवा खरोखर लागला की नाही हे कोणी विचारत नाही. सबब दिवा हा स्थितीचा पुरावा नसून स्थितीविषयी दिल्या गेलेल्या शेवटच्या हुकुमाची खूण आहे, हे ध्यानात ठेवले की पुढचे पुष्कळसे कोडे सुटते.

१९९६ मध्ये यूएसबीचे मानक आले आणि दोनच काय, वाटेल तितके कळफलक एका संगणकाला जोडणे सुलभ झाले. या मानकात प्रत्येक कळफलक हे स्वतंत्र उपकरण असते आणि प्रत्येकाला दिव्यांचा बाइट वेगळा पाठवावा लागतो. एका कळफलकाची स्थिती दुसऱ्याने मानावी की नाही, हा निर्णय मात्र प्रचालन प्रणालीच्या हाती राहिला, आणि येथून मतभेदास प्रारंभ होतो.

विंडोजने एकछत्री अंमल पत्करला. जोडलेले सर्व कळफलक खालच्या थरातच एका प्रवाहात मिसळले जातात, लॉकची स्थिती संपूर्ण बैठकीसाठी एकच असते, आणि ती बदलताच दिव्यांचा हुकूम सर्व कळफलकांना सुटतो. लॅपटॉपवर कॅप्स लॉक दाबले की बाहेरच्या कळफलकाचाही दिवा लागतो, तो यामुळे. लिनक्सच्या साध्या मजकुरी पडद्यावर ही स्थिती त्या त्या पडद्याच्या नावे असते. पडदा बदलला की नव्या पडद्याची स्थिती सर्व कळफलकांच्या दिव्यांवर उमटते, आणि मध्येच नवा कळफलक जोडला तर त्याचे दिवे इतरांशी जुळवून घेण्याची तजवीज गाभ्यातच केलेली आहे. चित्रमय पडद्यासाठी २००९ नंतरच्या एक्स सर्व्हरने एक मुख्य, काल्पनिक कळफलक आणि त्याच्या ताब्यातले अनेक खरे कळफलक अशी उतरंड रचली; वेलँड या नव्या व्यवस्थेत स्थिती 'सीट'ची, म्हणजे एका माणसाच्या बसण्याच्या जागेची मानली जाते. मॅकओएसचे वळण निराळे आहे: तेथे एका कळफलकावर शिफ्ट धरून दुसऱ्यावर अक्षर दाबले, तर ते अक्षर मोठे उमटत नाही, कारण प्रत्येक कळफलकाचा कारभार बऱ्याच अंशी त्याचा त्याचा ठेवला आहे. विंडोजवर दोन हातांनी दोन कळफलक चालवण्याची सवय जडलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

यांतला योग्य निवाडा कोणता? माझ्या मते सीटचा. लॉक ही माणसाच्या हेतूची नोंद आहे. एकच माणूस आळीपाळीने दोन कळफलकांवर हात ठेवत असेल, तर त्याचा हेतू एक आणि म्हणून स्थितीही एक असली पाहिजे. उलट एकाच संगणकाला दोन पडदे व दोन कळफलक जोडून दोन विद्यार्थी बसवले असतील, तर एकाच्या कॅप्स लॉकने दुसऱ्याचा निबंध बिघडता कामा नये. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने शाळांसाठी काढलेल्या मल्टिपॉइंट सर्व्हरमध्ये प्रत्येक बैठकीचा कळफलक वेगळा नेमून द्यावा लागे, तो याच कारणाने. यंत्राच्या नावे स्थिती ठेवणे हा एकट्या वापरणाऱ्यासाठी पुरेसा, पण तत्त्वतः अपुरा मार्ग आहे. आणि कळफलकाच्या नावे ठेवणे हे दोन कळफलकांचा खरा उपयोग ज्याला आहे त्याच्याच गैरसोयीचे आहे.

आता मराठीचे स्वतःचे प्रकरण पाहू, कारण या दिव्यांशी आपल्या लिपीचा जितका घनिष्ठ संबंध आला, तितका फार थोड्या लिप्यांचा आला असेल. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीचा बराचसा व्यवहार पुण्यातल्या संस्थांच्या प्रणालींवर चाले: सी-डॅकची जिस्ट व आयएसएम, आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, वकिलांचे दावे, स्थानिक साप्ताहिके हे सर्व त्यांतून निघत असे. एकाच कळफलकातून दोन लिप्या काढायच्या म्हणजे मराठी चालू की इंग्रजी चालू हे सांगणारी एक टिकाऊ कळ हवी, आणि तिची खूण डोळ्यांसमोर हवी. श्रीलिपीने त्यासाठी स्क्रोल लॉक निवडले. आयएसएममध्येही लॉकच्या कळेला भाषाबदलाचे काम देण्याची सोय होती. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. स्क्रोल लॉक ही कळ एरवी जवळजवळ बेकार पडलेली असे, तिच्यापाशी आयता दिवा होता, आणि ज्याची नजर पडद्यापेक्षा शेजारच्या हस्तलिखित मसुद्यावर अधिक असते, त्या टंकलेखकाला कळफलकाच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका ओझरता दिसला तरी पुरे होई. महाराष्ट्रातल्या जुळारींच्या एका अख्ख्या पिढीसाठी तो दिवा लागला म्हणजे मराठी आणि विझला म्हणजे इंग्रजी, एवढाच त्याचा अर्थ होता.

जगाच्या मानकांत मात्र या अर्थाला स्थान मिळाले नाही. यूएसबीच्या साध्या कळफलकाच्या बाइटात पाच दिव्यांची तरतूद आहे: नम, कॅप्स, स्क्रोल, कंपोज आणि काना. पाचवा दिवा जपानी लिपीचा आहे. जपानी उत्पादक मानक घडत असताना मेजाभोवती होते, म्हणून त्यांच्या लिपीला स्वतःचा दिवा मिळाला. देवनागरी लिहिणाऱ्या कोट्यवधींना मात्र स्क्रोल लॉकचा दिवा उसना घ्यावा लागला. मुक्त प्रणालींनी ही उसनवारी निदान अधिकृत केली: लिनक्सच्या एक्सकेबी या व्यवस्थेत दुसरी लिपी चालू असता स्क्रोल लॉकचा दिवा लावावा असा पर्याय आहे, आणि त्यात स्क्रोल लॉकची खरी स्थिती अस्पर्शित राहते, केवळ दिवा वापरला जातो. ही रीत श्रीलिपीच्या रीतीहून सरस आहे. कारण श्रीलिपीच्या रीतीत कळेचा मूळ अर्थही जागाच राहतो. मराठी टंकन करून तसेच एक्सेलमध्ये गेले, की स्क्रोल लॉक चालू असल्यामुळे बाणाच्या कळा एका चौकटीतून दुसरीत जाण्याऐवजी सगळा तक्ताच सरकवू लागतात. एक्सेल नादुरुस्त झाले अशी तक्रार कोणी आणली, तर प्रथम हा दिवा पाहावा.

पुढे लॅपटॉपवरून स्क्रोल लॉकची कळ आणि तिचा दिवा दोन्ही हळूहळू नाहीसे झाले, आणि बाहेरचा कळफलक जोडण्याला आकड्यांच्या जोडीने हे दुसरे कारण मिळाले. विंडोजच्या एकछत्री व्यवस्थेमुळे अशा वेळी एक चमत्कारिक स्थिती उद्भवते: बाहेरच्या कळफलकावर स्क्रोल लॉक लावून तो काढून घेतला, तर स्थिती कायम राहते, पण ती दाखवणारा दिवा आणि ती बदलणारी कळ यांपैकी काहीच टेबलावर उरत नाही. विंडोजचा पडद्यावरचा कळफलक उघडून त्यातली कळ दाबणे हाच मग मार्ग असतो, आणि तो ज्याला ठाऊक नसतो तो सरळ यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो.

याहून अधिक मनस्ताप नम लॉकने दिला आहे. जुन्या लहान लॅपटॉपवर आकड्यांचा विभाग अक्षरांच्याच कळांवर छापलेला असे. नम लॉक चालू असता यू, आय, ओ या कळा ४, ५, ६ देत, जे, के, एल या १, २, ३ देत, आणि एम ही शून्य देई. हे रूपांतर लॅपटॉपच्या अंतर्गत नियंत्रकाकडून होई. आता बाहेरचा कळफलक जोडा, रकमा भरण्यासाठी त्याच्यावर नम लॉक लावा. विंडोज आपल्या नियमाप्रमाणे हा हुकूम सर्व कळफलकांना, म्हणून लॅपटॉपच्या कळफलकालाही, पाठवते, आणि त्याच्या अक्षरांचे अंक होऊन बसतात. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याला याचा फटका विशेष बसतो, कारण या कळांवर ह, ग, द, र, क, त आणि स ही आपली अत्यंत वापरातली व्यंजने आहेत. इनस्क्रिप्टमध्ये 'कर्जत' लिहिताना के, जे, डी, पी, एल या कळा क्रमाने दाबाव्या लागतात. नम लॉकच्या अमलाखाली त्यांतून प्रथम २, मग १, मग एक निराधार हलन्त, 'ज'च्या जागी एखादे गणिती चिन्ह आणि शेवटी ३ असा ऐवज बाहेर पडतो. तालुक्याचे नाव अर्जात उमटेना, म्हणून फॉन्ट बिघडला, व्हायरस शिरला असे तर्क होतात आणि यंत्र दुरुस्तीला जाते. दोष यंत्रात नसतो आणि मराठीतही नसतो, तो एका स्थितीच्या दोन वाचनांत असतो. पुढच्या लॅपटॉपांनी हा गुप्त विभाग बहुधा काढून टाकला, पण तालुक्याच्या गावी यंत्रे दहा-दहा वर्षे वापरात राहतात, आणि जुने घेणारे गिऱ्हाईकही असते.

त्यात वीज जाण्या-येण्याची भर पडते. यंत्र सुरू होताना नम लॉक चालू असावे की बंद, याविषयी तीन ठिकाणी तीन मते नोंदलेली असू शकतात: एक बायोसमध्ये, दुसरे विंडोजच्या प्रवेशपडद्यासाठी तिच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीतल्या एका मूल्यात, तिसरे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात. विंडोज ८ पासून आलेल्या जलद प्रारंभाच्या सोयीने या गुंत्यात आणखी भर घातली. पासवर्ड अंकांचा असेल आणि प्रवेशपडद्यावर नम लॉक बंद असेल, तर माणूस अंक दाबतो आहे असे समजत राहतो आणि चौकटीत काहीच शिरत नाही.

कळफलक म्हणून ज्याची गणना आपण करत नाही, असा एक कळफलक औषधांच्या दुकानांत आणि गोदामांत सर्वत्र असतो: बारकोड वाचणारे यंत्र. संगणकाच्या दृष्टीने ते बहुधा यूएसबीचा कळफलकच असते, आणि वाचलेला सांकेतांक ते अक्षरशः टंकून पाठवते. खोपोलीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या भांडारात कारकुनाने कॅप्स लॉक लावून ठेवले, तर वाचकाकडून आलेली मोठी अक्षरे लहान होतात, आणि नोंदवहीत माल सापडत नाही. चांगल्या वाचकांत कॅप्स लॉकच्या स्थितीकडे दुर्लक्ष करून अक्षर जसेच्या तसे पाठवण्याची योजना असते. ती चालू करून घेणे हे मालकाचे काम आहे.

दूरस्थ यंत्रांचा विचार थोडक्यात आटोपतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये दोन्ही टोकांच्या लॉकची स्थिती जुळवण्याचा निरोप मुद्दाम ठेवलेला आहे. व्हीएनसी या तशाच दुसऱ्या सोयीच्या मूळ नियमावलीत तो नाही, म्हणून तेथे एका टोकाला दिवा व दुसऱ्या टोकाला अंधार असा विसंवाद वारंवार आढळतो.

दिव्यांचा हुकूम सर्वांना सुटतो, याची एक काळी बाजूही आहे. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की कोणत्याही जाळ्याला न जोडलेल्या संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम कॅप्स, नम आणि स्क्रोल यांचे दिवे वेगाने लुकलुकवून आतली माहिती दूरच्या कॅमेऱ्याला पोहोचवू शकतो. २०२२ मध्ये याच्या उलट युक्ती प्रसिद्ध झाली: कळफलकाचे सोंग घेतलेले एक छोटे उपकरण संगणकात खुपसले, की खऱ्या कळफलकांना जाणारा दिव्यांचा हुकूम त्यालाही मिळतो, आणि त्या हुकुमांच्या क्रमातून ते माहिती गोळा करू शकते. सरकारी दप्तराच्या संगणकाला अनोळखी यूएसबी वस्तू लावू देऊ नये, या नियमाला आता हेही एक कारण आहे.

दिवाच काढून टाकावा असा एक प्रवाह सध्या प्रबळ आहे. बऱ्याच बिनतारी कळफलकांवर बॅटरी वाचावी म्हणून तो ठेवलेलाच नसतो आणि त्याऐवजी पडद्यावर क्षणभर एक खूण चमकून जाते. क्षणभराची खूण पुरेशी नाही. स्थिती जोवर टिकते तोवर तिची खूणही टिकली पाहिजे, आणि नजर जेथे असते तेथे, म्हणजे अक्षर उमटण्याच्या जागेजवळ, ती असली पाहिजे. मराठीपुरते तर हे अधिकच निकडीचे आहे. विंडोज ८ पूर्वी भाषेची निवड प्रत्येक खिडकीपुरती वेगळी असे आणि लॉक मात्र सर्वांना एकच. आता भाषाही बैठकीची झाली आहे, त्यामुळे तिला लॉकच्या कळेला बांधून ठेवण्याचे कारण उरलेले नाही. मराठीसाठी प्रणाली लिहिणाऱ्यांनी भाषेची खूण लेखनबिंदूपाशी द्यावी, आणि देवनागरीच्या दिव्याची मागणी मानके ठरवणाऱ्या मंडळांपुढे आपल्या संस्थांनी मांडावी.

तोवर दुकानदारांना विनंती इतकीच, की दुसरा कळफलक घेताना तिन्ही दिवे असलेला घ्यावा, जुना लॅपटॉप असेल तर त्याच्या अक्षरांत दडलेला आकड्यांचा विभाग बायोसमधून बंद करता येतो का ते पाहावे, आणि अर्जदाराचे गाव उमटेनासे झाले तर यंत्र दुरुस्तीला धाडण्यापूर्वी नम लॉक एकदा दाबून पाहावे.